पाटीवरच्या पदव्या आणि सासूबाईंचं इंजेक्शन

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

आम्ही विश्रामबागेत राहतो. आमचे फॅमिली डॉक्टर ३७ वर्षांचा दवाखाना बंद करून दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला गेले, आणि तेव्हापासून आमच्या घरात रोज एक नवं मत निघतंय. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. बीपी, शुगर आणि गुडघे, तिन्ही आहे. मिस्टर म्हणतात, मिरज रोडला एवढी मोठी हॉस्पिटलं आहेत, प्रत्येक अवयवाचा स्पेशालिस्ट आहे, मग मध्ये फॅमिली डॉक्टर हवाच कशाला? नणंद म्हणते, एमबीबीएसच्या खाली उतरायचं नाही. सासूबाई कोपऱ्यावरच्या बीएएमएस डॉक्टरांकडे जातात, कारण ते गेल्या गेल्या सुई टोचतात आणि थकवा म्हटलं की सलाईन लावतात. मी त्यांना एका नव्या, तरुण डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी केलंय. त्यांनी वीस मिनिटं प्रश्न विचारले, कॉम्प्युटरवर लिहून घेतलं, इंजेक्शन दिलं नाही, उलट चालू असलेल्या दोन गोळ्या बंद केल्या. बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नुसती इचारत बसती. तिलाच काय कळंना, म्हणून मला इचारती."

हॉस्पिटलांची माहितीपत्रकं आणून वाचली. प्रत्येक डॉक्टरच्या फोटोखाली 'रुग्णकेंद्री सेवा', 'सर्वांगीण विचार' असंच छापलंय. पदव्यांची अक्षरं कळत नाहीत. नक्की काय बघून डॉक्टर ठरवायचा?

— एक सून, विश्रामबाग, सांगली

*

ताई, नमस्कार.

सासूबाईंचं वाक्य वाचून मी मोठ्यानं हसले. हेच वाक्य मी स्वतःबद्दल ऐकलंय, खणभागात नवी पाटी लावली त्या वर्षी. पडद्यापलीकडे बसलेल्या एक आजी कंपाउंडरला सांगत होत्या, "जुनं डाक्टर नाडी धरलं की वळखायचं. हिला सगळं सांगावं लागतंय." तेव्हा मला राग आला होता. पुढं दहा-बारा वर्षांनी कळलं की आजींचं अर्धं बरोबर होतं. जुने डॉक्टर नाडीवरून ओळखत नव्हते, ते आजींना वीस वर्षं ओळखत होते, म्हणून त्यांना विचारावं लागत नव्हतं. नव्या डॉक्टरला विचारावंच लागतं. तुमच्या डीएनबी डॉक्टरांनी वीस मिनिटं घेतली ती ३७ वर्षांचं अंतर कापायला घेतली.

आधी अक्षरं उलगडून टाकू. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. आयुर्वेदाच्या बीएएमएस आणि होमिओपॅथीच्या बीएचएमएसलाही तेवढीच वर्षं जातात. फरक वर्षांचा नाही, कशावर हात बसलाय याचा आहे. 'एमडी' ही दोन अक्षरं एकटी कधीच वाचू नका, पुढचा शब्द वाचा. एमडी मेडिसिन म्हणजे आपण ज्यांना फिजिशियन म्हणतो ते. एमडी आयुर्वेदसुद्धा असते. एमडी फार्माकॉलॉजीही असते, म्हणजे पदवीनंतरची तीन वर्षं मुख्यतः औषधांच्या अभ्यासात गेलेली, खाटेवरच्या पेशंटजवळ नाही. त्यात कमीपणा काही नाही, फक्त तुम्हाला हवं ते हेच का, ते बघायचं.

डीएनबी ही दिल्लीच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, एमडीच्या तोडीची पदवी. फॅमिली मेडिसिनमध्ये ती घेणारे एमबीबीएसनंतर तीन वर्षं मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग अशा वॉर्डांत पाळीपाळीनं राबतात. म्हणजे हा डॉक्टर मुद्दाम सगळ्या घराचा होण्यासाठी शिकलेला असतो. आमच्या पिढीत हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली नाही की जीपी व्हायचं, असाच समज होता, आणि खरं सांगायचं तर मीही त्याच रांगेतून आले. जे आम्ही पेशंटच्या जिवावर शिकलो ते ही मुलं आधी शिकून येतात.

बाकी पाटीवर दोन ओळी भरून फेलोशिपा आणि सर्टिफिकेटं असतील तर फार दबून जाऊ नका. त्यातल्या काही शनिवार-रविवारच्या असतात. ज्या पाटीवर पदवी एक आणि तिच्याखाली नोंदणी क्रमांक स्वच्छ लिहिलेला असतो, तिथं मला जास्त बरं वाटतं. एमबीबीएस आणि त्यापुढच्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, बीएएमएसची भारतीय चिकित्सापद्धतीच्या कौन्सिलकडे, होमिओपॅथीची वेगळी. मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात, म्हणजे परिषदा, व्याख्यानं, नवं शिक्षण. तिथं डुलक्या घेणारेही मी पाहिलेत. तरी हा क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असणं हा नियम आहे, आणि तो बघणं हा तुमचा आगाऊपणा नाही.

आता नणंदेचं 'एमबीबीएसच्या खाली नाही'. मी एमबीबीएस आहे, त्यामुळं माझा कल कुठं असणार हे उघड आहे, तो वजा करून वाचा. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या बीएएमएस डॉक्टरांना आधुनिक औषधं देण्याची मुभा राज्याच्या कायद्यानं दिलेली आहे. तो वाद जुना आहे, कोर्टापर्यंत गेलेला आहे, तो आपण इथं सोडवायचा नाही. जत, आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर रात्री अकराला दार उघडणारा डॉक्टर बहुतेक वेळा बीएएमएसच असतो, हे मात्र मला माहीत आहे. माझ्याकडे पेशंट पाठवणाऱ्यांत बीएएमएस डॉक्टर पुष्कळ होते. त्यातल्या एका डॉक्टरांची चिठ्ठी मी कधी विसरणार नाही. छोट्या कागदावर तारीखवार बीपी लिहिलेलं, दिलेल्या गोळ्यांची नावं, आणि खाली, "माझ्या आवाक्यातलं वाटत नाही, कृपया पाहावे." मोठमोठ्या कन्सल्टंटांकडून अशी ओळ मला क्वचित मिळाली.

तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना त्यांच्या पदवीवरून मी नाव ठेवणार नाही. सुई आणि सलाईनवरून मात्र ठेवीन, आणि तेच एखाद्या एमबीबीएसनं केलं असतं तरी ठेवलं असतं. हे जरा नीट समजून घ्या, कारण सासूबाईंशी बोलताना उपयोगी पडेल. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसानं दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं. म्हणजे घरात आपण बीपीच्या माणसाच्या ताटातलं लोणचं-पापड काढून घेतो, आणि तिकडं जवळजवळ दिवसभराचं मीठ तासाभरात शिरेतून सोडतो. बाटली ग्लुकोजची असेल, त्या नेहमीच्या ५ टक्केवाली, तर तिच्यात २५ ग्रॅम साखर. चहाच्या एका कपात पाच चमचे साखर घालून शुगरच्या पेशंटला दिली तर तुम्ही माझ्याशी भांडाल. बाटलीतून गेली की तिला 'ताकद' म्हणतात. उलट्या-जुलाबानं माणूस सुकला असेल तर सलाईन जीव वाचवतं, त्याबद्दल वाद नाही. थकव्यावर ते औषध नव्हे.

गुडघ्यासाठी जे टोचलं जातं ते बहुधा डायक्लोफिनॅकसारखं दुखणं मारणारं औषध असतं. एखाद्या वेळी ठीक. पण अशी औषधं वारंवार घेतली की अंगात पाणी-मीठ धरून ठेवतात, बीपी वर जातं आणि मूत्रपिंडावर ताण येतो, त्यात बीपीच्या काही गोळ्या आधीच चालू असतील तर जास्तच. शिवाय कधी कधी त्या सुईत किंवा कागदी पुडीतल्या सुट्या गोळ्यांत स्टेरॉइड असतं. दुसऱ्या दिवशी माणूस टुणटुणीत होतो आणि शुगर आकाशाला भिडते. पी हळद नि हो गोरी, असं औषध आम्हा हळदीच्या गावच्या लोकांना फार आवडतं. तुमच्या नव्या डॉक्टरांनी दोन गोळ्या का बंद केल्या हे पत्रात नाही. त्यातली एक दुखण्याची असावी असा माझा अंदाज आहे. पण अंदाज कशाला, त्यांनाच विचारा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनाही शांतपणे विचारा, "यात काय होतं, नाव लिहून द्याल?" जे देतील त्यांना दोन गुण जास्त. जे म्हणतील "तुम्हाला काय करायचंय नाव", त्यांच्याकडून पर्स उचलून बाहेर या.

मिस्टरांचं म्हणणंही मी उडवून लावत नाही. मिरजेचं नाव कर्नाटकात दूरवर आहे ते उगीच नाही. मिशनरी डॉ. वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं हॉस्पिटल उभं राहिलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. मी त्याच कॉलेजात शिकले. आमच्या भागातली माणसं अजूनही रेल्वेनं 'मिरजेला दाखवायला' येतात. छातीत दाब येऊन घाम फुटला, तोंड एका बाजूला झुकलं, बोलणं अडखळलं, एकाएकी दम लागला, तर फॅमिली डॉक्टरचा फोनही फिरवत बसू नका, थेट मोठं हॉस्पिटल. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातला अर्धा तास आपण 'जरा पडून बघूया' म्हणण्यात घालवतो.

पण रोजच्या दुखण्याला? गुडघ्याचे डॉक्टर दुखण्याची गोळी देतात, त्यानं पोटात जळजळ होते, पोटाचे डॉक्टर त्यावर दुसरी देतात, पायाला सूज येते, हृदयाचे डॉक्टर लघवीची गोळी देतात, त्यानं रात्री चारदा उठावं लागतं, झोप जाते, मग झोपेची गोळी येते, आणि एका रात्री बाई बाथरूमच्या उंबऱ्यात पडते. आता हाडाचे डॉक्टर. यात चूक कुणाची दाखवाल? प्रत्येकानं आपलं काम चोख केलंय. पाचही फायली एकाच टेबलावर उघडून बघणारं माणूस तेवढं नव्हतं. तुमचे पुण्याला गेलेले डॉक्टर हे काम करत होते आणि त्याचं वेगळं बिल देत नव्हते, म्हणून ते काम कुणाला दिसलं नाही.

नॉर्वेत २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवरचा. ज्यांचा डॉक्टर १५ वर्षांहून जास्त काळ तोच होता, त्यांच्यात वर्षभरात हॉस्पिटलात भरती व्हायचं प्रमाण, नवा डॉक्टर असलेल्यांच्या मानानं २८ टक्के कमी निघालं, आणि मृत्यूचं २५ टक्के. नॉर्वे आणि सांगली एक नव्हे, आणि एवढ्यानं डॉक्टर बदलला म्हणून माणसं दगावतात असंही होत नाही. पण मला त्यात नवल वाटलं नाही. माझा एक पेशंट, गणपती पेठेतला दुकानदार, सर्दीचं औषध न्यायला आला होता. आत येताना दारात त्याची एक चप्पल पायातून निसटली आणि त्याला पत्ताच नाही, तो तसाच चालत येऊन खुर्चीत बसला. शुगरवाल्याच्या पायाची संवेदना जायला लागली की असं होतं. तो बारा वर्षं माझ्याकडे येत होता आणि त्या दाराशी वाकून, चपला ओळीत लावून आत यायची त्याची पद्धत होती, म्हणून ते मला खटकलं. नवख्या माणसाला ती नुसती एक चप्पल वाटली असती.

माहितीपत्रकातल्या 'रुग्णकेंद्री'कडे आता येते. हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता. अर्थ शिकवला एका बाईनं, आणि त्यात माझी शोभा झाली ती सांगते.

मार्केट यार्डात हळद निवडायच्या कामावर जाणारी पन्नाशीची बाई. बीपी काही केल्या उतरेना. मी लघवी वाढवणारी गोळी दिली होती, सकाळी घ्यायची. महिन्यानं आली, बीपी तसंच. मी दुसरी जोडली. पुढच्या महिन्यात तिसरी. मीठ खाता का म्हणून रागावले, ती मान खाली घालून 'न्हाई' म्हणायची. असं सात-आठ महिने. शेवटी माझ्याकडच्या सिस्टर एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, ती कामावर जाते तिथं बायकांना संडास नाही. सकाळची गोळी ती घेतच नाही." मी आठ महिने बीपीवर उपचार करत होते, बाईवर नाही. तिनं मला का सांगितलं नाही? कारण मी कधी विचारलं नाही, आणि ज्या आवाजात मी मिठाचं विचारत होते, त्या आवाजाला कुणी असलं काही सांगत नाही. गोळी बदलली, दोन महिन्यांत बीपी ताब्यात आलं. त्यानंतर मी प्रत्येक गोळीला 'घ्यायला काही अडचण?' असं विचारायला लागले. इतकंच. यालाच आता इंग्रजीत मोठं नाव आहे आणि माहितीपत्रकावर फोटोखाली छापतात.

म्हणून फोटोखालचं तत्त्वज्ञान वाचण्यात वेळ घालवू नका, सगळ्यांनी ते एकाच छापखान्यातून आणलेलं असतं. त्या कागदावर कामाचं थोडं असतं ते वेचा. कुठं शिकले, कुठल्या हॉस्पिटलात उमेदवारी केली. सरकारी हॉस्पिटलात काढलेली वर्षं असतील तर डोळ्याखालून माणूस खूप गेलेला असतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाले असतील तर बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष कुठं केलं, हे गप्पांच्या ओघात विचारायला हरकत नाही. ज्यानं एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते वर्ष मन लावून काढलंय, त्याला औषधाची किंमत आणि एसटीची वेळ दोन्ही कळतात. भाषा कोणत्या येतात तेही बघा. आपल्याकडं कानडी येणारा डॉक्टर म्हणजे मोठी सोय, निम्म्या म्हाताऱ्यांचं दुखणं अजून कानडीतच असतं.

बाकीचं समोर बसून कळतं. १९८४ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी दवाखान्यातली संभाषणं ध्वनिमुद्रित करून मोजली होती. पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. आपल्याकडं तर सगळी भेटच बऱ्याचदा दोन मिनिटांची. ६७ देशांचा असा एक आढावा २०१७ मध्ये आला होता, त्यात बांगलादेशात ४८ सेकंद होते आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. बाहेर साठ माणसं बसलेली असताना स्वीडन करता येत नाही, हे मी त्या खुर्चीत बसून सांगते. पण सासूबाईंना पहिलं वाक्य पूर्ण करू देतात का, एवढं बघता येतं. दुखतंय तिथं हात लावून बघतात का. गोळी कशासाठी ते सांगतात का, आणि 'चार दिवसांत उतरलं नाही तर काय करायचं' हे आपणहून सांगतात का. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते शेवटचं. जो डॉक्टर आपलं निदान चुकू शकतं हे धरून चालतो, तो तुम्हाला परत यायची वाट दाखवून ठेवतो.

आणि पैशाचं. तपासण्या एकाच ठरावीक लॅबमध्ये करा, ठरावीकच स्कॅन सेंटरला जा, असा आग्रह असेल तर कान टवकारा. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन, हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. २००२ पासूनच्या आचारसंहितेत असं कमिशन घेणं-देणं सरळ मनाई आहे, तरी चालतं, मी खोटं कशाला बोलू. एकदा एक लॅबवाला माझ्या टेबलावर पाकीट ठेवून गेला होता. ते परत केलं, पण त्यानं विचारलेला प्रश्न लक्षात राहिला, "मॅडम, सगळे घेतात, तुम्हाला काय अडचण?" त्याच आचारसंहितेप्रमाणं भरती झालेल्या पेशंटची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात. तुमच्या जुन्या डॉक्टरांनाही एक फोन करा. जुन्या तपासण्यांचे, औषधांच्या वावड्याचे चार मुद्दे त्यांच्याकडून लिहून घ्या. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा माझी केसपेपरची दोन कपाटं चिखलात गेली. छावणीत गोळ्यांची नावं विचारत माणसं आली तेव्हा जे डोक्यात होतं तेवढंच उरलं होतं. तुमच्या डॉक्टरांच्या डोक्यातलं ते पुण्यात आरामात बसलेले आहेत तोवर उतरवून घ्या.

माझं मत विचाराल तर त्या डीएनबी डॉक्टरांना सहा महिने द्या. दूध किंवा पेपर लावतो तसा डॉक्टर लावायचा असतो, रोज नवा गवळी धरला तर कुणाच्याच दुधातलं पाणी कळत नाही. सर्दी-खोकल्यालाही तिथंच जा, मुलांनाही न्या, म्हणजे घर त्यांच्या ओळखीचं होईल. मिस्टरांना सांगा, मोठं हॉस्पिटल कुठं पळून जात नाही, चिठ्ठी घेऊन जायचं एवढंच. या चिठ्ठीनं तिथलं कामही सोपं होतं. वर्षातून एकदा शुगरसाठी डोळ्यांचा पडदा, तळपाय, लघवीतलं प्रोटीन आणि मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिॲटिनिन बघितलं जातंय ना, आणि तीन ते सहा महिन्यांनी सरासरी शुगरची तपासणी, हे त्या डीएनबी डॉक्टरांकडं राहू द्या. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट टाकून 'मॅम प्लीज सी' करू नका, तेवढी दया असू द्या. त्यांनाही एक सांगायला हवं, आणि ते तुम्हीच हळूच सांगा: सासूबाई बोलत असताना कॉम्प्युटरकडं बघून टाईप करू नका. वीस मिनिटं विचारलं पण गुडघ्याला हात लावला का, हे पत्रात कुठं नाही. नसेल लावला तर त्या आजींचा अर्धा राग तिथलाच आहे.

कारण ताई, तुमच्या पत्रात एक जागा रिकामी आहे. चरकानं उपचाराचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. पहिल्या तिघांवर तुमच्या घरात महिनाभर चर्चासत्र चाललंय. मिस्टरांचं मत आहे, नणंदेचं आहे, तुमचं आहे. चौथा पाय म्हणजे सासूबाई, त्यांची फक्त तक्रार आहे. त्यांना ती सुई का हवी असते, हे कुणी विचारलंय? मला अशा पुष्कळ आज्या भेटल्या. एकीला सुईनंतर दोन दिवस नरसोबाच्या वाडीच्या पायऱ्या उतरता यायच्या, तेवढ्यासाठी ती महिनाभर दुखणं साठवून ठेवायची. दुसरीला घरात दिवसभर कुणी बोलायला नव्हतं, दवाखान्याच्या बाकावर चार बायका भेटायच्या, आणि सुई घेतल्याशिवाय तिथं बसायला कारण काय? पहिलीला व्यायाम, काठी आणि वाडीच्या दिवसापुरती एखादी गोळी दिली तर भागलं. दुसरीच्या दुखण्यावर माझ्याकडं औषध नव्हतं. तुमच्या सासूबाई यांतल्या कोण, की तिसऱ्याच कुणी, ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

पुढच्या भेटीला त्यांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. चालू, बंद, आयुर्वेदिक, शेजारणीनं दिलेल्या, सगळ्या. फाईल नसली तरी चालेल, पिशवी हवी. आणि त्यांच्या उशाखाली एक छोटी डबी असेल, बहुतेक आज्यांच्या असते, त्यात एक-दोन पिवळ्या-गुलाबी गोळ्या असतात ज्यांचा कुणाला पत्ता नसतो. तीही न्यायची. पण त्या अंघोळीला गेल्या असताना काढून घेऊ नका. त्यांच्याजवळ बसून मागा, आणि नाही म्हणाल्या तर त्या दिवशी डबीशिवाय जा.